पाइपावरची गाडी

"शेवया हायेत त्या, शेवया! अन्नाला कुणी असं ओरबाडतं का?"

"ओरबाडत नाहीये अम्मा, उतरवतेय. आणि अन्न आहे तर अन्नाला दोरी नव्हती का घरात?"

"दोरीवर तुझ्या नवऱ्याच्या लुंग्या वाळतात. लुंगीच्या जागी शेवया घालू? नि ईदला पाहुण्यांसमोर काय तोंडाने ठेवू?"

मागच्या अंगणात दोन बाजा समोरासमोर ठेवून त्यांच्यावर दोन लांब पांढरे पाइप आडवे टाकलेले होते, आणि पाइपांवर सकाळपासून ओल्या शेवयांच्या लडी लोंबत होत्या. शेवया दुपारपर्यंत कडकडीत वाळल्या. पाइप मात्र मे महिन्याच्या उन्हात मऊ होऊन मधोमध म्हशीच्या पाठीसारखे खाली आले. अनवरी धुणं घ्यायला अंगणात आली, तिने ते पाहिलं आणि लडी उचलून चादरीवर ठेवायला सुरुवात केली. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, त्यामुळे निम्म्या लडी चादरीवर येईपर्यंत मोडत होत्या. त्या कडकड आवाजानेच आत झोपलेल्या जैतूनबी जाग्या झाल्या.

जैतूनबी मूळच्या निफाडकडच्या खेड्यातल्या. घरात सगळे हिंदी-उर्दूची खिचडी बोलत, पण भांडायचं झालं की त्यांना मराठीच लागे. उर्दूत भांडायला गेलं की मध्येच अदब आडवी येते, असं त्यांचं म्हणणं. अनवरी इगतपुरीच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. त्यामुळे सासूसुनेची भांडणं अडत नसत.

"दोन वर्षं हारुनला सांगते, शेवयांना एक दांडी आण. परवा बघितलं, नवेकोरे पाइप भिंतीला उभे. म्हटलं, आणली पोराने एकदाची. मला काय सपान पडलं, ते तुझ्या गाडीचे रूळ हायेत म्हणून?"

"विचारायचं तरी."

"माझ्याच घरात शेवया वाळत घालायला परवानगी काढू? कुणाची, तुझी?"

एवढ्यात हारुन दाराशी आला. दुपारी दुकान बंद करून तो जेवायला घरी येई. त्याने आधी शेवयांकडे पाहिलं, मग पाइपांकडे, आणि हसला.

"पाइपावरून एवढा तमाशा? द्वारका चौकात दहा दुकानं आहेत पाइपांची, उद्या दुसरे आणू. आणि मी तर पहिल्यापासून सांगतोय, हा खटाटोपच कशाला? लग्नात कॅमेरा उचलायला आपली अलिशा आहे की घरात."

या वाक्यासरशी भांडण शेवयांवरून उठलं आणि जिथे बसायचं तिथे जाऊन बसलं. अनवरीने हातातली लड चादरीवर टाकली.

"अलिशा कॅमेरा उचलणार नाही," ती म्हणाली.

"मग उचलणार कोण? तुला डॉक्टरने काय सांगितलंय?"

अनवरीकडे या प्रश्नाचं एकच उत्तर होतं, आणि ते या क्षणी अंगणात मधोमध वाकलेलं होतं.

*

अनवरीचा बाप इगतपुरीला रेल्वेत होता. दहावी झाल्यावर तिला नाशिकच्या कॉलेजात जायचं होतं, गाडीचा पासही बापाच्या नोकरीमुळे मिळाला असता. पण त्याच सुमाराला हारुनचं स्थळ आलं. नाशिकला स्वतःची कॅसेट लायब्ररी, एकुलता एक मुलगा, सासू एकटी. मुलगी नाशिकला जाणारच आहे, तर लग्न करूनच जाऊ दे, असा हिशेब घरात झाला. ती नाशिकला आली, कॉलेज तेवढं राहिलं. ते कुणी नको म्हटल्यामुळे राहिलं नाही. लग्न झालं, पहिली ईद झाली, मग अलिशा झाली, आणि कॉलेजची गोष्ट कुणी काढली नाही.

लोक कॅसेट भाड्याने नेईनासे झाले तसा हारुन लग्नाचं शूटिंग करू लागला. दुकानावर 'अलिशा व्हिडिओ' अशी पाटी चढली. चौऱ्याण्णव साली सिन्नरच्या ओळखीच्या घरच्या एका लग्नाला तो अनवरीलाही घेऊन गेला होता. निकाहाचं, जेवणाचं शूटिंग झालं, आणि तो खांद्यावर कॅमेरा घेऊन बायकांच्या दाराशी आला. दारात नवरीची मावशी कमरेवर हात ठेवून उभी.

"आत बाया बसल्यात. आत कॅमेरा येईल, माणूस येणार नाही."

"माणसाशिवाय कॅमेरा कसा येईल, खाला?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

हारुनने इकडेतिकडे पाहिलं. अनवरी बिर्याणीचं ताट हातात घेऊन उभी होती. त्याने ताट घेतलं आणि कॅमेरा तिच्या खांद्यावर ठेवला. "हे लाल बटण दाबायचं. बाकी तो आपोआप करतो. एवढ्या सीझनपुरतं जमव, मग बघू काहीतरी."

पहिल्या कॅसेटमध्ये बायकांचे नुसते भांग आले. बायका सतरंजीवर बसलेल्या आणि अनवरी उभी, त्यामुळे वरून जे दिसतं तेच दिसलं. शिवाय तिने बटण दाबलं ते बंद करायचं राहिलं, आणि कॅमेरा खाली लोंबत असताना अर्धा तास दारातल्या चपलांचं शूटिंग झालं. हारुनला वाटलं, आता पैसे परत द्यावे लागणार. पण नवरीच्या आईचा निरोप आला: कॅसेट छान झाली. चपलांमुळे कळलं, आमच्या नणंदेचा नवा जोड कुणी नेला ते.

त्यानंतर सीझनमागून सीझन गेले. अनवरी शिकत गेली. कॅमेरा समोर दिसला की बाई पदर ओढते, पण कॅमेऱ्यामागे बाईच आहे म्हटल्यावर हळूहळू विसरते, हे तिच्या लक्षात आलं. पुरुष नसले की बायका काय काय करत! ढोलक्याभोवती बसून व्याह्यांना शिव्या घालत, सत्तर वर्षांच्या आज्या कमरेला ओढणी बांधून नाचत, नवरीची आई कोपऱ्यात रडता रडता मध्येच हसे. अनवरीने एक नियम केला होता. बायकांकडची कॅसेट वेगळी. ती हारुनच्या हाताला लागत नसे. चित्रांचे तुकडे सलग लावायचं जोडकाम घरी अनवरीच करी, त्या वेळी हारुनने बाहेरच्या खोलीत बसायचं. तयार कॅसेट कापडात गुंडाळून थेट नवरीच्या आईच्या हातात जाई. या एका नियमामुळे नाशिकपासून मालेगावपर्यंत घरोघरच्या बायका 'अनवरीभाभीच पाहिजेत' म्हणून अडून बसत. दुकान हारुनचं असलं तरी निम्मं काम तिच्या नावावर येत होतं, आणि हारुनही ते चारचौघांत कबूल करी. माणूस वाईट नव्हता तो.

मग खांदा गेला. आधी रात्री ठणकायचा, मग हात वर जाईना. अलिशाची वेणी घालता येईना, फडताळातला डबा काढता येईना. डॉक्टरने व्यायाम लिहून दिले आणि सांगितलं, वजन खांद्यावर घ्यायचं नाही, नाहीतर हा हात कायमचा असाच राहील.

छोटे कॅमेरे तोवर आले होते, नाही असं नाही. पण नाशिकच्या गिऱ्हाइकाला मोठा कॅमेरा दिसल्याशिवाय शूटिंग झाल्यासारखं वाटत नसे. एका लग्नात अनवरीने हातात मावणारा कॅमेरा नेला, तर नवरीच्या काकूने विचारलं, "मोठा कधी येणार?" स्टँडवर ठेवला तर तो एका जागी खिळतो. शाळेच्या ग्रुप फोटोसारख्या सगळ्या ओळीने दिसतात आणि तशाच ताठ बसतात. शिवाय लोकांना आता हलतं चित्र हवं होतं. नव्या पोरांनी गंगापूर रोडला स्टुडिओ काढले होते. त्यांच्या सीडीत कॅमेरा पाण्यावरून होडी जावी तसा सरकत जाई. गिऱ्हाईक दुकानात येऊन हाताने हवेत रेघ ओढून दाखवी, "असं पाहिजे, असं गुळगुळीत."

हारुनने चौकशी केली. मुंबईला कॅमेरा सरकवायची तयार गाडी मिळत होती, तिची किंमत ऐकून तो दुकानदाराला 'बघून कळवतो' म्हणाला आणि परत आला. इथे कुणीतरी स्टँडच्या तीन पायांना बसवायची बारकी चाकं विकत होतं, ती आणली. ती फरशीच्या प्रत्येक सांध्यात अडत, आणि सतरंजीवर तर गाढवासारखी उभीच राहत. मग त्याने ओळखीच्या एका संस्थेतून चाकांची खुर्ची मागून आणली. अनवरीने तीत बसायचं, मांडीवर कॅमेरा घ्यायचा आणि कुणीतरी ढकलायचं. चित्र खरंच बरं आलं. पण त्या लग्नातली प्रत्येक बाई खुर्चीपाशी थांबून विचारू लागली, "हाय अल्ला, पायाला काय झालं?" एकीने झाडपाल्याचं औषध सांगितलं, दुसरीने तिथेच हात वर करून दुआ मागितली. कॅसेटमध्ये गाण्यांपेक्षा 'बेचारी, बेचारी'च जास्त ऐकू आलं. अनवरीने खुर्ची परत पाठवली.

त्याच आठवड्यात हारुन पहिल्यांदा म्हणाला, "अलिशाची परीक्षा संपली आहे. तिला शिकव. एवढ्या सीझनपुरतं."

अनवरी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण ती भाकरी तव्यावर टाकताना फाटली.

अलिशाने दहावीची परीक्षा दिली होती. तिला पॉलिटेक्निकला जायचं होतं, इलेक्ट्रॉनिक्सला. घरातला बिघडलेला रेडिओ तिने दुरुस्त केला होता, आणि एक चालू रेडिओ बिघडवलाही होता. हारुनचा तिच्या शिकण्याला विरोध नव्हता. "शिकू दे ना, मी कुठे नाही म्हणतो? कॉलेज सांभाळून करेल. दुकानाला नावही तिचंच आहे." तो हे मनापासून म्हणत होता, आणि अनवरीला भीती वाटत होती ती त्याचीच. तिच्याही वेळी सगळे मनापासूनच बोलले होते.

*

गाडी शाहनवाजच्या दुकानात झाली. शाहनवाज हा हारुनचा चुलतभाऊ. द्वारकेच्या मागच्या अंगाला त्याचं वेल्डिंगचं दुकान. सगळं काम द्राक्षबागांचं, मांडवाला लागणारे लोखंडी अँगल तो गाड्या भरभरून पाठवी. तोंडाने फटकळ, हाताने चोख.

"भाभी, बागेचा मांडव सांगा, गेट सांगा, तिजोरीसुद्धा सांगा. फिल्मची गाडी मी बापजन्मी केलेली नाही."

"मीही बसलेली नाही. दोघं मिळून करू."

पहिली गाडी साध्या पाट्याला चार बेअरिंगं लावून केली. दुकानातल्या कोब्यावर ढकलली, तर असा खडखडाट झाला की शेजारचा टायरवाला बघायला आला. "यात नवरी बसवणार का?" त्याने विचारलं. अनवरीने मान हलवली. आवाज चालणार नाही, गाणी ऐकू यायला पाहिजेत. बेअरिंगं काढून पोरांच्या स्केटिंगच्या बुटाची चाकं लावली. आवाज गेला, पण जमिनीवरचा खडा अन् खडा कॅमेऱ्याला कळू लागला.

"जमीन खराब आहे तर जमिनीवर चालवायचीच कशाला?" अनवरी म्हणाली. "खाली काहीतरी अंथरू. गुळगुळीत, लांब."

शाहनवाज कान खाजवत इकडेतिकडे बघत राहिला. बाहेर एका बागायतदाराचा टेम्पो उभा होता, त्यात अँगलच्या शेजारी बागेला पाणी द्यायचे प्लॅस्टिकचे पाइप भरलेले. दोघांनीही एकदमच तिकडे पाहिलं, आणि पुढे कित्येक दिवस 'आधी मीच पाहिलं' म्हणून भांडले.

पाइप गोल, त्यावरून चाक घसरणार. त्यावर तोड शाहनवाजची. त्याने अँगलचे हातभर तुकडे कापले, कौलं घालतात तसे पालथे धरले आणि दोन्ही उतारांना आतून स्केटची चाकं बसवली. आता पाइप मधोमध आणि चाकं दोन्ही बाजूंनी त्याला धरून. अशा दोन जोड्या, त्यावर जाड प्लायवुडची फळी. पुढे कॅमेऱ्याला बुटकं स्टँड, मध्ये बसायला जागा, मागे ढकलायला कमरेइतकी उंच दांडी. बुटकं स्टँड हा अनवरीचा हट्ट. "बायका खाली बसतात," तिने त्याला सांगितलं. "मी इतकी वर्षं त्यांना वरून बघतेय. मला त्यांच्यासमोर बसायचंय."

हेच ते पाइप, ज्यांच्यावर जैतूनबींनी शेवया घातल्या.

दुसरे पाइप दुसऱ्या दिवशी आले. अनवरीने ते पलंगाखाली सरळ जमिनीवर ठेवले आणि सासूला बोलावून दाखवले. जैतूनबी म्हणाल्या, "दाखवते कशाला? मी काय पाइप खाते?" वाकलेले दोन मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवले.

शुक्रवारी पुढच्या खोलीतलं सामान हलवून घरातच गाडी चालवून पाहिली. अनवरी फळीवर मांडी घालून बसली, डोळा कॅमेऱ्याला लावला. हारुनने ढकललं. पहिल्याच हिसक्याला ती मागे गेली.

"गाय ढकलताय का अब्बा?" अलिशा हसली. "सरका, मी बघते."

अलिशाने ढकललं, आणि गाडी गेली. खिडकी, कोनाड्यातला दिवा, जैतूनबींचं घड्याळ, दाराशी उभा हारुन, सगळं एकेक करून शांतपणे समोरून सरकत गेलं. खांद्यावर काही नव्हतं. पाठीला हिसका नव्हता. अनवरीने कॅमेऱ्यावरचा डोळा बाजूला घेतला आणि बसल्या जागी फळी थोपटली.

हारुनने टाळी वाजवली. "बस्! झालं काम. तू बस, अलिशा ढकलेल. लासलगावच्या लग्नापासून सुरू."

अनवरी फळीवर बसून राहिली. बायकांच्या बाजूला हारुन येऊ शकत नव्हता, शाहनवाज येऊ शकत नव्हता. परक्या बाईला पैसे देऊन न्यावं, तर इतक्या वर्षांचा विश्वास मोडणार. घरातलीच कुणीतरी हवी. मुलीला कॅमेऱ्यापासून लांब ठेवायचं म्हणून तिने आठवडाभर शाहनवाजचं डोकं खाल्लं, आणि तयार झाली ती मागे मुलीला उभं करायला जागा असलेली गाडी.

*

लासलगावचं लग्न कांद्याच्या व्यापाऱ्याकडचं. दोन दिवसांचा कार्यक्रम, पहिल्या दुपारी मेहंदी. बायकांसाठी घराला लागून असलेलं रिकामं गोदाम झाडून, धुऊन, सतरंज्या अंथरून तयार केलेलं. भिंतींना गुलाबी कापड लावलं होतं, तरी कांद्याचा वास कापडाला जुमानत नव्हता. यजमानीणबाई जैतूनबींच्या माहेरच्या ओळखीच्या निघाल्या, म्हणून जैतूनबींनाही आवतण होतं.

अलिशाने तासभर गाडी छान ढकलली. बायकांनी एकदा विचारलं, "हे काय काढलंय नवीन?" अनवरीने सांगितलं, "मला बसून काम करायचंय." एवढं सगळ्यांना पटलं. बसून काम करायचं कुणाला नसतं? मग नवरीच्या बहिणींनी अलिशाला ओढून नेलं. सोळा वर्षांची पोरगी, तिला कोण सोडतं! अनवरीचं लक्ष जाईपर्यंत अलिशाचे दोन्ही हात कोपरापर्यंत मेहंदीने भरले होते आणि ती ते हवेत धरून बसली होती.

नेमक्या त्याच वेळी ढोलक्याला हात पडला. गोदामाच्या लांब भिंतीला टेकून म्हाताऱ्या ओळीने बसल्या होत्या, नवरीची आजी मधोमध, आणि तिने व्याह्यांच्या नावाचं पहिलं कडवं उचललं. असं गाणं पुन्हा होत नाही. एकदा होतं ते होतं. पाइप त्या ओळीसमोरच अंथरलेले होते.

"अलिशा!"

अलिशाने दोन्ही हात दाखवले. हातावरून हिरवा ओघळ खाली येत होता.

"बस तू तिथंच," जैतूनबी म्हणाल्या. त्यांचे गुडघे गेलेले होते. सतरंजीवर बसणं त्यांना जमेना, आणि उभं राहून पाय भरून आले होते. त्यांनी दांडी धरली ती आधी टेकायला म्हणून. मग गाडी किंचित सरकली, तशी त्यांनी एक पाऊल टाकलं. पुन्हा थोडी सरकली, पुन्हा पाऊल. गाणं त्यांना पाठ होतं. माहेरच्या गावचंच होतं ते. त्या गात होत्या, आणि गाण्यावर दांडीला भार देत चालत होत्या. व्याह्याच्या मिशीला शिवी आली तेव्हा गाडी नवरीच्या आजीसमोर होती. आजीचं बोळकं उघडलं, हसताना डोळे मिटले, आणि गाडी अलगद पुढच्या म्हातारीकडे गेली.

अनवरीने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कॅमेरा हलला असता.

*

जोडकामाला अनवरी, अलिशा आणि जैतूनबी टीव्हीसमोर बसल्या होत्या. हारुन नियमाप्रमाणे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता.

अलिशाने ढकललेलं चित्र बरं होतं. पण गाडी सुटताना हिसका, थांबताना हिसका, आणि मध्ये ती कुणाकडे तरी बघून हसली असेल तिथे गाडी पळाली होती.

मग म्हाताऱ्यांची ओळ आली. एकेक चेहरा येत होता, जात होता. कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते कळलंच नाही.

"मम्मी," अलिशा म्हणाली, "हे मी नाही ढकललेलं."

"माहीत आहे मला."

"काय माहीत हाय?" जैतूनबींना टीव्हीवरचं नीट दिसत नव्हतं. "बिघडवलं का मी?"

"नाही अम्मा."

"मग गप्प का बसल्या दोघी? लय बाई आवाज चिरका येतो माझा यात. तो काढून टाक."

"तो राहणार आहे," अनवरी म्हणाली.

जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. अलिशाला हवे होते त्याहून जास्त गुण मिळाले. हारुनने गल्लीभर पेढे वाटले, शाहनवाजच्या शेजारच्या टायरवाल्यालासुद्धा दिले. पॉलिटेक्निकचं बोलावणं आलं. मुलीने स्वतः हजर राहायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. तारीख शनिवारची होती.

त्याच शनिवारचं ओझरचं लग्न हारुनने घेऊन ठेवलं होतं.

दुपारची जेवणं चालली होती. हारुनने भाताचा घास कालवता कालवता विषय काढला. आवाज समजावणीचा होता.

"लासलगावच्या नवरीच्या आईकडे ओझरच्या बायांनी सीडी बघितली. त्यांना ती म्हाताऱ्यांची ओळ पाहिजे तशीच. मी शब्द देऊन बसलोय. पॉलिटेक्निक काय, पुढच्या वर्षीही आहेच. गुण कुठे पळून जातात?"

"मला चालेल मम्मी," अलिशा पटकन म्हणाली. "खरंच. पुढच्या वर्षी घेईन ना मी. एकच तर वर्ष."

ती खरंच कुरकुर करत नव्हती. शहाण्या मुलीसारखी बोलत होती. अनवरीने तिच्याकडे पाहिलं. लग्न ठरलं तेव्हा इगतपुरीच्या घरात, आई चहा गाळत असताना, तीही असंच शहाण्यासारखं बोलली होती. तेव्हा तिला कुणी गप्प बस म्हटलं नव्हतं.

"तू गप्प बस," ती म्हणाली.

"मग ढकलणार कोण?" हारुनने विचारलं.

"लासलगावला कुणी ढकललं?"

"अलिशाने."

अनवरीने अलिशाकडे पाहिलं. अलिशाने ताटात बघत मान हलवली. "ती ओळ दादीने ढकलली, अब्बा. माझ्या हाताला मेहंदी होती."

हारुनचा घास हातातच राहिला. तो आईकडे बघू लागला. "अम्माने? गुडघ्यांनी तर न्हाणीपर्यंत जाववत नाही त्यांना!"

"टेकायला काही नसलं की नाय जाववत," जैतूनबी म्हणाल्या. "त्या गाडीला दांडी हाय."

"लोक काय म्हणतील? म्हाताऱ्या आईला कामाला लावलं म्हणतील."

"सोळा वर्षांच्या पोरीला लावलंस तर नाय म्हणणार?"

"अम्मा, तुम्ही मध्ये बोलू नका, हा धंद्याचा प्रश्न आहे."

"मला कुणी विचारलंच नाय अजून," जैतूनबी म्हणाल्या. "येणार का म्हणून. मी नाय म्हणाले तर?"

"तुम्ही नाही म्हणाल का?" अनवरीने विचारलं.

जैतूनबींनी ताटातलं हाड बाजूला काढलं आणि बोटं पुसली. "ओझरला कुणाकडं हाय? पठाणांकडं? त्यांच्या बाया गातात बऱ्या. पण माझ्याच्याने उभ्याने जेवणं व्हायचं नाय. मला खुर्ची लागंल, नि ताट जागेवर लागंल."

"मिळेल."

हारुन अजून काही म्हणणार होता. अनवरीने त्याच्या ताटात आमटी वाढली, भांडं खाली ठेवलं, आणि रोजचा बाजार सांगावा तशा आवाजात सांगितलं:

"शनिवारी अलिशा पॉलिटेक्निकला जाईल, आणि तुम्ही तिच्याबरोबर जाल. आधी तिचं काम, मग ओझर. तुम्ही येईपर्यंत पुरुषांकडचं शाहनवाज बघेल, लाल बटण त्यालाही दाबता येतं, त्याला मी निरोप दिलाय. बायकांकडे मी आणि अम्मा. पहाटे निघायचंय, त्यामुळे त्या दिवशी घरी स्वयंपाक होणार नाही."